महामार्ग आखणाऱ्यांना खुलं पत्र: वाटेतला मुलुखही आराखड्यात घ्या

प्रति,
सचिव, रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
अध्यक्ष, भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण
आणि रस्त्यांची आखणी करणारे सर्व अभियंते व सल्लागार

महोदय,

रत्नागिरीजवळच्या मिऱ्या बंदरावर सुरू होऊन आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला, सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरला पोहोचणारा रस्ता तुमच्या दप्तरात मुख्यतः दोन क्रमांकांनी नोंदलेला आहे. सोलापूरपर्यंत १६६ आणि तुळजापूरपासून पुढे ३६१. आम्ही त्याला नुसतं ‘रत्नागिरी-नागपूर’ म्हणतो. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो, आणि महाराष्ट्राचा भूगोल डोळ्यांनी बघायचा असेल तर याहून चांगली वाट मला माहीत नाही. समुद्र, जांभा, घाटातली झाडी, ऊस, द्राक्षं, माळरान, ज्वारी, सोयाबीन, कापूस, साग हे सगळं ओळीने येतं. पत्राला निमित्त या रस्त्याचं आहे, मागणी मात्र देशातल्या सगळ्याच राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. रस्ता ज्या मुलुखातून जातो, तो मुलुख रस्त्याच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावा. आज झाडं, नद्या, डोंगर, जनावरांच्या वाटा यांचा विचार होतो तो आखणी पक्की झाल्यावर, परवानगीच्या कागदांपुरता. तो आखणीची पहिली रेघ मारताना व्हावा.

रुंदीकरणाला विरोध करायला मी हे लिहीत नाही, हे आधीच सांगतो. जुन्या दुपदरी रस्त्यावर समोरासमोरच्या धडकेत गेलेली माणसं आमच्या भागातल्या प्रत्येक गावाला आठवतात. रत्नागिरीचा आंबा कोल्हापूरच्या बाजारात वेळेत पोहोचतो, अवघडलेल्या बाईला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेताना घाटात तासन् तास अडकावं लागत नाही, याची किंमत कळणाऱ्यांपैकी मी आहे. देशात राष्ट्रीय महामार्गांची लांबी आज सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर आहे आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे. देशातल्या एकूण रस्त्यांत हे महामार्ग जेमतेम दोन टक्के भरतात, पण जवळजवळ चाळीस टक्के वाहतूक त्यांच्यावरून होते. म्हणजे या देशातली कितीतरी माणसं स्वतःचा देश पाहतात तो तुमच्या रस्त्यावरून, गाडीच्या खिडकीतून. तुम्ही जे दाखवाल तेवढंच ती पाहतात. ही जबाबदारी निविदेत कुठे लिहिलेली नसते, पण ती तुमचीच आहे.

मिऱ्यावरून निघालं की हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग आडवा येतो. तोच तुमचा ६६ क्रमांक, पूर्वीचा १७. २०१० साली तुम्ही सगळ्या महामार्गांना नवे क्रमांक दिले: दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना सम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, आणि तीन आकडी क्रमांक म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांच्या महामार्गाची शाखा. वर्गात हे सांगितलं की मुलं हरखतात. गाडीत बसल्यावर पाट्या वाचून दिशा ओळखायला लागतात. एका क्रमांकाच्या पाटीतून एवढं शिकवता येतं, तर नदीच्या, घाटाच्या पाटीतून किती शिकवता येईल याचा विचार करा.

नद्यांचंच बघा. पनवेलहून ६६ वर दक्षिणेला निघालेला माणूस बांद्यापर्यंत पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बावनदी, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड, तेरेखोल एवढ्या नद्या ओलांडतो, आणि ओढे-वहाळ वेगळेच. सगळ्या सह्याद्रीत उगम पावणाऱ्या, तीव्र उताराच्या, लगेच समुद्र गाठणाऱ्या. पावसाळ्यात एका रात्रीत फुगणाऱ्या. कोकण समजायचं तर या नद्या समजल्या पाहिजेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला सावित्री नावाची नदी या रस्त्याखालून वाहते हे कळलं. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी तिथे नवा पूल उभा राहिला, हे काम मोठं झालं. पण नदीची ओळख व्हायला अपघात व्हावा लागू नये.

नव्या पुलांवरून नदी दिसतच नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? जुन्या पुलांना लोखंडी नळ्यांचे किंवा दगडी खांबांचे कठडे होते, मधून पाणी दिसायचं. आता काँक्रीटचा भरीव कठडा असतो, आणि तो बरोबर मोटारीत बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला येतो. मागच्या सीटवरच्या लहान मुलाला तर आभाळाशिवाय काहीच दिसत नाही. गाडी पुलावरून गेली हे कळतं ते फक्त सांध्यांवर चाकांचा आवाज बदलतो म्हणून. कठडा धडक झेलण्यासाठी आहे, तो भक्कमच हवा. पण धडक झेलणारे लोखंडी आडव्या नळ्यांचे कठडेही असतात आणि ते जगभर वापरात आहेत. निदान मोठ्या नद्यांवर, वळण नसलेल्या सरळ पुलांवर, ते का नकोत? आणि प्रत्येक पुलावर नदीचं नाव मराठीत, ठसठशीत, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं लिहा. नावाखाली दोन ओळी: उगम कुठे, मिळते कुठे. पाट्या तुम्ही लावताच, पण काही पुलांवर नुसता पुलाचा क्रमांक आहे, काही ठिकाणी नाव आहे ते गावातल्या कुणीही न उच्चारलेलं. गावात विचारलं असतं तर पानाच्या टपरीवर कुणीही सांगितलं असतं.

हातखंब्याच्या आसपास जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळाची पठारं, सुरू होतात. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ती पडीक, काळपट-तांबडी खडकाळ जमीन वाटते, आणि मला वाटतं तुमच्या सर्वेक्षणातही ती तशीच नोंदली जाते. तीच जमीन ऑगस्ट-सप्टेंबरात बघा. वीतभर उंचीची, इवल्या जांभळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फुलांची चादर पसरते, त्यातली काही झाडं किडे खाऊन जगणारी आहेत. डबक्यांत बेडकांची पैदास होते. याच सड्यांवर रत्नागिरी-राजापूर परिसरात हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. सड्यावर डबर टाकायला, खडी-डांबराचे प्लांट उभे करायला, डंपर लावायला जागा सोयीची असते हे खरं. पण कातळावरचा तो मातीचा पापुद्रा एकदा खरवडला की आपल्या आयुष्यात परत येत नाही. कंत्राटाच्या अटींत ‘पडीक जमीन’ या सदरातून सडा वगळा. एवढं एक कलम पुरेल.

पाली, साखरपा मागे टाकून रस्ता आंबा घाट चढतो. घाटमाथ्यावर एका पाटीची जागा मी कित्येक वर्षं मनात धरून आहे. पश्चिमेकडे पडलेला पाऊस काजळी नदीत जातो आणि रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत अरबी समुद्राला मिळतो. चार पावलं पूर्वेला पडलेला पाऊस कडवी नदीत, तिथून वारणेत, वारणेतून कृष्णेत, आणि कर्नाटक-तेलंगण ओलांडून आंध्रात बंगालच्या उपसागरात. एवढी मोठी गोष्ट त्या वळणावर घडते आणि गाड्या तिथे फक्त माकडांना केळी घालायला थांबतात. (तेही बंद व्हायला हवं, पण तो वनखात्याचा विषय.) सह्याद्रीतला प्रत्येक घाट असा पाणी वाटणारा आहे: बोरघाट, कसारा, वरंध, कुंभार्ली, फोंडा, आंबोली. प्रत्येक माथ्यावर अशी एक पाटी आणि शेजारी चार गाड्या, एक बस उभी राहील एवढी सुरक्षित जागा, इतकंच मागणं आहे.

घाटात आणखी एक गोष्ट असते. रस्त्यासाठी डोंगर कापला की दगडाचे थर उघडे पडतात. एकदा सहलीच्या एसटीतून मुलांना उतरवून घाटातल्या एका कापणीसमोर उभं केलं होतं. काळ्या कठीण दगडाचा जाड थर, त्याखाली हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा, त्याखाली परत काळा दगड. लाल पट्ट्याला बोट लावलं की भुगा हातात येतो. भूशास्त्रात त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचा एक लोंढा आला, थंड झाला, त्याच्या माथ्यावर ऊन-पावसाने माती झाली; मग दुसरा लोंढा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, मग या मातीवर झाडं होती का?’ या प्रश्नासाठी मी वर्षभर फळा खरडला असता तरी तो वर्गात आला नसता.

रुंदीकरणात आता या कापण्यांवर जाळी मारून सिमेंटचा थर फवारतात. दरड सैल आहे तिथे ते केलंच पाहिजे. परशुराम घाटात डोंगर ढासळून काय होतं हे आम्ही पाहिलंय, २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी तो घाट दिवसाचे काही तास बंद ठेवावा लागला होता. जांभ्याच्या टणक टोपीखाली मऊ चिकणमाती असते, पाणी मुरलं की ती सरकते, आणि तिथे उभी कापणी टिकतच नाही. पण बेसाल्टची, म्हणजे त्या काळ्या कठीण दगडाची कापणी जिथे पक्की आहे, तिथे प्रत्येक घाटात निदान एक तुकडा उघडा ठेवा, खाली कुंपण घाला, आणि थर कोणते ते लिहा. भूशास्त्रीय सर्वेक्षण विभाग हे काम आनंदाने करून देईल.

घाट उतरून मलकापूर, बांबवडे करत कोल्हापूर जवळ आलं की प्रश्न बदलतो. इथे पाणी उताराने धावत नाही, पसरतं. पंचगंगेला दर काही वर्षांनी पूर येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ ४८ क्रमांकाच्या पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि तो अनेक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. रत्नागिरीकडचा रस्ता केर्ली-रजपूतवाडीजवळ बुडतो. कोल्हापूर-सांगलीतल्या माणसांची यावर एक साधी मागणी आहे, आंदोलनांतून, निवेदनांतून ती तुमच्यापर्यंत पोहोचलेली आहे: भराव नको, पिलरचा पूल करा. पूरपट्ट्यात रस्ता उंच करण्यासाठी मातीचा भराव घातला की तो नदीला आडवा बांध होतो. रस्ता कोरडा राहतो आणि वरच्या अंगाची गावं आणखी बुडतात. भरावात ठेवलेल्या मोऱ्या त्या फुगवट्याला पुरत नाहीत. पिलरच्या पुलाला पैसे जास्त लागतात हे मान्य. पण पूर ओसरल्यावर वाटायची मदत, पडलेली घरं, कुजलेला ऊस, मेलेली जनावरं यांचा हिशेब तुमच्या प्रकल्प अहवालात कुणी धरतं का? धरला तर पूल स्वस्त ठरेल असं माझं ठाम मत आहे. या पत्रातली एकच मागणी मान्य होणार असेल तर ती ही व्हावी.

मिरजेच्या पुढे भोसे गावाजवळ यल्लम्मा देवीच्या देवळापाशी सुमारे चारशे वर्षांचा वड या रस्त्याच्या आखणीत आला होता. २०२० साली सांगली जिल्ह्यातले निसर्गप्रेमी आणि गावकरी झाडाखाली उभे राहिले, राज्याच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिलं, आणि तुमच्या मंत्रालयाने आखणीत बदल करायचं मान्य केलं. जुन्या झाडाचं आयुष्य कुणाच्या हातात नसतं, पण आखणी सरकवता येते हे त्या दिवशी तुम्हीच सिद्ध केलंत. त्याबद्दल मनापासून आभार. मग तो अपवाद का राहावा? तेलंगणात चेवेल्ल्याजवळ १६३ क्रमांकाच्या रस्त्यावर शेकडो जुने वड आहेत, त्यांच्यासाठी माणसांना राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. दर वेळी आंदोलन, दर वेळी न्यायालय, दर वेळी मंत्र्यांची मर्जी, असं किती झाडांसाठी होणार? ज्या झाडांसाठी उभं राहायला कुणी नव्हतं ती गेलीच.

यावर तांत्रिक उपाय नवे नाहीत. रस्ता दोन्ही बाजूंनी रुंद करण्याऐवजी एका बाजूने रुंद करता येतो, मग दुसऱ्या बाजूची झाडांची रांग वाचते. किंवा जुनी रांग मधल्या दुभाजकात घेऊन पलीकडे नवी मार्गिका नेता येते. त्यासाठी जमीन थोडी जास्त लागते, आणि आखणी करण्याआधी प्रत्येक मोठं झाड नकाशावर यावं लागतं. आज झाडं मोजली जातात ती तोडण्याची परवानगी मागताना. तो क्रम उलटा करा. अमरावती-अकोला दरम्यान ५३ क्रमांकाच्या महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विश्वविक्रम झाला. ज्या यंत्रणेला हे जमतं तिला वडाला वळसा घालणं जमणार नाही, असं मी मानतच नाही.

आता लावायच्या झाडांविषयी. हरित महामार्ग धोरण २०१५ चं आहे. प्रकल्पाच्या खर्चातला एक टक्का झाडांसाठी राखायचा असं त्यात ठरलं. धोरण चांगलं आहे. दुभाजकातली कण्हेरही मला मान्य आहे: तिला गुरं तोंड लावत नाहीत, धूर-धूळ सोसते, समोरच्या गाडीचे दिवे अडवते. पण कडेला जे लावलं जातं ते रत्नागिरीत, सांगोल्यात आणि वर्ध्यात एकच. तोच गुलमोहर, तोच पेल्टोफोरम, तीच सप्तपर्णी. गुलमोहर मादागास्करचा, फांदी वाऱ्याने मोडून रस्त्यावर येते. रोपवाटिकेत जे स्वस्त आणि झटपट मिळतं ते लागतं, हे उघड आहे. कोकणात फणस, उंडी, ऐन, किंजळ लावा. घाटमाथ्याला जांभूळ, हिरडा. कृष्णाकाठी वड, चिंच, करंज. कवठे महांकाळपासून पुढे कडुलिंब, हिवर, बोर. नांदेड ओलांडल्यावर पळस, मोह, चारोळी. मार्चमध्ये यवतमाळकडे जाताना पळस फुललेला दिसला की ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करतो. फुलांवरून प्रदेश ओळखता यावा एवढी विविधता आपल्याकडे आहे, ती रस्त्याच्या कडेने पुसू नका. आणि रोप लावून तीन वर्षांत देखभालीचं कंत्राट संपलं की टँकर बंद होतो, झाड वाळतं. माळावर तीन वर्षं पुरत नाहीत.

सोलापूरच्या अलीकडे-पलीकडे मात्र माझं मागणं नेमकं उलटं आहे. तिथे काही पट्ट्यांत झाड लावूच नका. ते माळरान आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून तीनशे किलोमीटरच्या आत सांगोला-मंगळवेढ्याला जेमतेम पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर उरतो तो हा प्रदेश. गवत, काळवीट, लांडगा, धाविक-चंडोलासारखे पक्षी हे त्याचं वैभव. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, आणि माळढोक जवळजवळ गेला तो गवताळ जमिनीला कुणी जमीनच मानलं नाही म्हणून. हिरवळ म्हणजे झाडच, असा हिशेब माळावर लावला की उरलासुरला माळही जातो. धोरणाच्या पुस्तकात ‘गवताळ प्रदेश’ असं वेगळं पान हवं: कडेला स्थानिक गवतं, खड्डे खणू नयेत, उंच दिव्यांचे खांब कमी, काळवीट ओलांडतात तिथे वेगाला लगाम.

याच भागात मंगळवेढ्याची काळी जमीन आहे, जिच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि इथून जवळच पंढरपूर. पालख्यांचे दोन मार्ग तुम्ही राष्ट्रीय महामार्ग म्हणून घेतलेत: ज्ञानेश्वर महाराजांचा ९६५ आणि तुकाराम महाराजांचा ९६५ जी. ८ नोव्हेंबर २०२१ ला त्यांची पायाभरणी झाली आणि वारकऱ्यांसाठी कडेने वेगळी पायवाट आराखड्यात आहे. चालणाऱ्यासाठी महामार्गात जागा ठेवली ही फार मोलाची गोष्ट झाली. आता त्या पायवाटेवर सावली आणा. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. वारीत विसावा झाडाखाली होतो, मंडपाखाली नाही. जेष्ठ-आषाढात दुपारी काँक्रीटवरून अनवाणी चालणाऱ्या सत्तरीच्या बाईचे पाय कसे भाजतात ते पाहिलेल्या कुणाही अभियंत्याला वेगळं समजवावं लागणार नाही. रुंदीकरणात गेलेल्या चिंचा, वड, लिंब यांच्या जागी तशीच मोठी होणारी झाडं, वीस-वीस वर्षांच्या देखभालीच्या हमीसह लावा. पालखी मार्गावर दिंड्या स्वतः रोपं सांभाळायला तयार होतील, त्यांना विचारा तरी.

तुळजापूरला बालाघाटाच्या कडेवर चढलं की कृष्णेचं खोरं सरतं आणि पुढे गोदावरीचं सुरू होतं. औसा, लातूर, अहमदपूर, मग नांदेडला गोदावरीच. अर्धापूरची केळी, हदगावनंतर पैनगंगा, कळंबच्या पुढे वर्धा नदी. हा टापू रस्त्यावरून सर्वांत पटकन सरतो. चौपदरी सरळ रस्ता, दोन्हीकडे सोयाबीन-तूर-कापूस, पेंग येण्याइतका एकसुरी. याच सरळ पट्ट्यांवर चालकाचा डोळा लागतो. खोरं बदललं, नदी आली, किती मीटर उंचीवर आहात, एवढं सांगणाऱ्या पाट्या आणि मध्ये सावलीचे थांबे असले तर चालकही जागा राहील. सुरक्षेचं काम आणि भूगोलाचं काम इथे एकच आहे.

आणि नागपूर. इथे दख्खनचा बेसाल्ट संपतो आणि कितीतरी जुना खडक वर येतो. इथूनच ४४ क्रमांक जातो, श्रीनगर ते कन्याकुमारी, देशातला सर्वांत लांब महामार्ग. नागपूरच्या उत्तरेला मनसर ते खवासा दरम्यान तो पेंचच्या जंगलातून जातो. रस्ता चौपदरी करताना प्रकरण न्यायालयात गेलं, भारतीय वन्यजीव संस्थेने शिफारशी केल्या, आणि सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात जनावरांना खालून जाता येईल असे नऊ मार्ग झाले. त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर तिथे कॅमेरे लावले तर अठरा जातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रं मिळाली. वाघ, चितळ, गवा, रानकुत्री, सायाळ, सगळे तुमच्या रस्त्याखालून ये-जा करतायत. वर ट्रक धावतोय, खाली वाघ चालतोय. जगातले अभियंते हे बघायला येतात. हा तुमच्या खात्याचा खरा अभिमानाचा विषय आहे आणि तो रस्त्यावरच्या कुणालाच माहीत नाही, कारण वरून जाणाऱ्याला काही कळतच नाही.

पेंचमध्ये जे जमलं त्याचं कारण एकच: कुणीतरी भाग पाडलं म्हणून का होईना, जंगल आराखड्यात आलं. पूरपट्टा, सडा, माळरान, वडाची रांग, घाटातली कापणी, नदी यांनाही तसंच आराखड्यात आणा. प्रत्येक नव्या महामार्गाच्या प्रकल्प अहवालात, जमीन संपादनाच्या आधी, मुलुखाचा एक स्वतंत्र भाग हवा. तो त्या जिल्ह्यातल्या माणसांबरोबर फिरून लिहिलेला हवा, दिल्लीत उपग्रहाच्या चित्रावरून नको. तो मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. आणि त्यात लिहिलेलं कंत्राटदारावर बंधनकारक असावं.

आमच्या बाजूने सांगतो. रत्नागिरी ते मिरज दरम्यान या रस्त्याखालून जाणाऱ्या नद्या-ओढ्यांची, गावातल्या जाणत्यांना विचारून केलेली नावांची यादी मुलांनी तयार केली आहे. घाटमाथ्यावरच्या पाटीचा मजकूरही लिहून ठेवला आहे. तुमच्या माणसाला पाठवा, दाखवतो. हवं तर बरोबर येऊन पूल न् पूल फिरतो. शाळा जूनपासून सुरू असते, शनिवारी सकाळची असते, त्यामुळे शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी आलात तर मुलंही भेटतील.

आपला,
एक भूगोल शिक्षक